आई, हळू

“आई, हळू!”

परक्या देशात पोहोचल्यावर पोटच्या पोराच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं स्वागत. काय केलं होतं मी? खोकले होते. विमानातल्या गार वाऱ्यानं घसा बसला होता, दारात उभी राहून जरा मोकळा केला, तर धनंजयनं हातातली बॅग खाली ठेवून ओठावर बोट धरलं.

“कोण गेलं वर?” मी विचारलं.

“कुणी गेलं नाही. वर घरमालक राहतो.”

“जिवंत आहे ना? मग जिवंत माणसाला खोकला ऐकू आला तर काय होतं?”

त्यानं बॅग उचलली. दार उघडून जिना उतरायला लागला. घराचा जिना चढायचा असतो एवढंच मला तोवर ठाऊक होतं. बार्शीला असताना हा पोरगा साखर कारखान्यात केमिस्ट होता. गच्चीवर उभा राहिला की निम्मं गाव त्याला नमस्कार करायचं. इथं तो जमिनीच्या पोटात राहत होता. खिडकी होती, नाही असं नाही. पण ती छताला चिकटलेली, आणि तिच्यातून दिसायचे ते रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांचे बूट.

गावाचं नाव सास्काटून. निघताना आमच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या होत्या, “भामाबाई, गावाच्या नावातच सासू दिसतीय, तुमचं तिथं चांगलं जमेल.” मी गेले होते सुनेच्या बाळंतपणाला.

सून कांचन जिन्याखाली उभी होती. पाया पडायला वाकायला लागली, तर मी मधेच धरली. पोट तेवढं पुढं आलेलं. बाकी सगळी नुसती हाडं, आणि डोळ्यांखाली तव्याच्या बुडासारखं काळं.

“काय गं, पोट तेवढं राखलंस, बाकीची कांचन कुठं ठेवलीस?”

“इथंच आहे, आत्या,” ती हसली. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. “प्रवास कसा झाला?”

“प्रवासाला काय धाड भरलीय. तुला झोप नाही का?”

“येते की झोप.”

धनंजय म्हणाला, “आई, जरा हळू.”

तिची झोप उडेल नाहीतर काय! बार्शीला शाळेत गणित शिकवायची पोरगी. इथं वृद्धांच्या घरात रात्रपाळी करायची. परक्या म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, कूस बदलून द्यायची. सकाळी नवरा बेकरीच्या गोदामात कामाला जायचा आणि ही घरी यायची. दिवसा झोपायचं आणि अंधार पडला की उठायचं. म्हणजे घुबडाचं जिणं. तेही पोटुशी असताना.

माझ्या बॅगेतून मी डिंक काढला, आळीव काढले, भाजून सोललेले शेंगदाणे काढले आणि सगळ्यात खालून लोखंडी खलबत्ता काढला. माझ्या सासूचा तो. धनंजयनं डोक्याला हात लावला.

“हा आणलास? विमानतळावर सोडला?”

“सोडतो कसा नाही? त्या गोऱ्या पोराला दोन हातांनी उचलायला लागला. म्हणाला असेल, हे काय? मी मुठीनं कुटून दाखवलं, तोंडानं ठाक ठाक केलं. हसला बिचारा. त्यानं नाही म्हटलं हळू.”

“आई, इथं हे कुटता येणार नाही. मालकाला आवाज चालत नाही. घर मिळता मिळत नव्हतं. त्यानं दिलं तेव्हाच बजावून सांगितलं होतं.”

खलबत्ता त्यानं वरच्या फळीवर ठेवून दिला. मीही ठेवू दिला. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्यानं मान खाली घालावी हे मला कळतं. पण माझा पोरगा स्वतःच्या घरात चोरासारखा चालायचा. नळ सोडायचा तो धारेखाली हात धरून. दार लावायचा ते बाळाला निजवल्यासारखं. फोडणीला मोहरी टाकायला बंदी, कारण ती तडतडते आणि वास वर जातो. मोहरीवाचून आमटी केली मी तिथं. गरम पाण्यात हळद, दुसरं काय.

मग एक दिवस दोघं दवाखान्यातून आली ती तोंडं उतरवून. कांचन सरळ खोलीत गेली. धनंजय माझ्यासमोर खुर्चीत बसला.

“बीपी वाढलंय तिचं. गोळ्या चालू केल्यात. डॉक्टर म्हणाल्या, झोप नीट झाली पाहिजे, खोलीत अंधार पाहिजे, शांतता पाहिजे. पुढच्या तपासणीलाही असंच राहिलं तर तिला ठेवून घेतील.”

“घेऊ देत. मी जाऊन बसेन.”

“तसं नाही आई. बाळ वेळेआधी काढावं लागेल. फार लवकर होईल ते. त्याला...” त्यानं बाहीनं डोळे पुसले.

लहानपणी विंचू चावला तेव्हाही पोराला मी असं बघितलं नव्हतं. मी पदर खोचला.

“रडायचं काम नाही. शांतता पाहिजे ना? दिली.”

आणि मी काय शांतता दिली म्हणून सांगू! पायात दोन-दोन लोकरीचे मोजे घातले. बांगड्या कोपरापर्यंत सारून वरून फडकं बांधलं. कुकरची शिट्टी काढून डब्यात घातली. भांडी घासायची ती टॉवेलवर ठेवून. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचं. जावेचा फोन आला की कोटांच्या कपाटात शिरायचं आणि दार लावून बोलायचं. जाऊ म्हणायची, “भामाबाई, तुमचा आवाज असा विहिरीतून आल्यासारखा का येतोय?” मी म्हणायचे, “मोठं घर आहे गं, घुमतो.”

राहता राहिलं बाथरूम. त्याची आणि कांचनच्या खोलीची भिंत एकच. तिथलं ते बटण दाबलं की धरणाचं दार उघडल्यासारखा आवाज व्हायचा, नळ्या गडगडायच्या आणि बराच वेळ गडगडत राहायच्या. त्याचाही मी बंदोबस्त केला. कसा, ते कुणाला सांगितलं नाही.

एवढं करूनही पोरगी दिवसेंदिवस सुकायला लागली. संध्याकाळी खोलीतून बाहेर यायची ती डोळे लाल करून.

“दिवसभर लोळतेस तरी डोळे असे? आत काय मिरच्या निवडतेस?”

“झोप झाली, आत्या.”

मला वाटायचं, माझंच काहीतरी वाजत असेल. मग मी आणखी गप्प. दुपारी कधी ती दार किलकिलं करून बघायची. मी पोळपाटाशी बसलेली असले की हळूच विचारायची, “आत्या, माझं काही चुकलं का?” मी ओठावर बोट ठेवून हातानंच खूण करायची, जा, झोप. ती दार लावून घ्यायची.

इकडं माझंही काही धड नव्हतं. डोकं गरगरायचं. ओठ फुटून त्याला भेगा पडल्या. लघवीला जळजळ व्हायची. ते काय पोराला सांगायचं? धनंजय म्हणाला, “आई, तुला इथलं हवापाणी मानवत नाहीये. तिकीट काढू का?”

“बाळंतपण करून जाईन. तोवर मला मरायलासुद्धा सवड नाही.”

“आई, हळू.”

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. कांचन पाळीवरून आली, दोन घास खाल्ले आणि खोलीत गेली. जाताना तिनं पोटावर हात ठेवून भिंतीला जरा टेका दिला. मी बघितलं, पण बघितलं नाही असं केलं. उद्या काय होणार हे दोघींनाही ठाऊक होतं.

दुपारी मला वाटलं, डिंकाचा डबा खाली काढावा. बाळ लवकर येणार असेल तर लाडूही लवकर पाहिजेत. स्टुलावर चढले, फळीकडं हात केला आणि डोळ्यांपुढं काळोखी आली. मी फळी धरली. फळीवरचा खलबत्ता खाली आला.

तो फरशीवर पडला तेव्हा अख्खं तळघर वाजलं. खल एकीकडं, बत्ता एकीकडं. बत्ता गडगडत जाऊन न्हाणीघराच्या दाराला धडकला. मी स्टुलावरून घसरत खाली बसले आणि मनात म्हटलं, संपलं, उठवली पोरीला.

दार त्याच क्षणी उघडलं. झोपेतून उठलेल्या माणसाला दार सापडायलाही वेळ लागतो. ही तर टक्क जागी.

“आत्या!” असं ओरडली की काय सांगू. तिचा बाप गिरणीवाला, त्या घरचा गळा.

“हळू!” मी म्हणाले. सवय लागली होती.

“हळू काय हळू! लागलं का कुठं? उठू नका. जीभ दाखवा.”

“सासूला जीभ काढून दाखवायला सांगतेस?”

“दाखवा म्हणते ना!”

दाखवली. तिनं माझ्या मनगटामागची कातडी चिमटीत धरली नि सोडली. कातडी तशीच उभी राहिली. म्हाताऱ्यांचं करून करून तिला हे सगळं येत होतं.

“जीभ खारकेसारखी झालीय. आज पाणी किती प्यायलात?”

“पिते की.”

“आज किती?”

“संध्याकाळी पिते.”

“आणि दिवसभर?”

मी भिंतीकडं बघायला लागले.

“आत्या, दिवसभर पाणी का पीत नाही?”

“ते तुझ्या त्या संडासाला विचार,” मी म्हणाले. “आज गडगडतो, उद्या गडगडतो. तुझ्या उशाशी आहे मेला. प्यायलंच नाही तर जायला नको, म्हटलं.”

ती तशीच फरशीवर बसली, एवढं पोट सांभाळत. आधी तिला हसू आलं, मग हसता हसता रडू आलं, मग कुठलं आलं ते कळेना. मी म्हटलं, “अगं, रडू नकोस, बीपी वाढेल.”

“कुणासाठी हे सगळं?” ती म्हणाली. “मी झोपतच नव्हते.”

“म्हणजे?”

“एकही दिवस धड झोपले नाही. पडून असायची नुसती. तुमचा आवाज येतोय का ते ऐकत.”

“मग दिवसभर काय आढ्याला पहारा देत होतीस?”

“देत होते. कसलाच आवाज यायचा नाही. वाटायचं, आत्या आहेत ना घरात? की पडल्या कुठं? म्हणून दार उघडून बघायची. तर तुम्ही बोट ठेवून घालवून द्यायच्या. मला वाटलं, रागावलात. मुलगा असा जमिनीखाली राहतो, सून लोकांची उस्तवार करते, हे बघून बोलणंच टाकलंत.”

“मी रागावले असते तर वरच्या मालकाला कळलं असतं,” मी म्हणाले. “तुला कळायला दार उघडायला लागलं नसतं.”

तिनं पाण्यात मीठ-साखर घालून तांब्या माझ्या तोंडाला लावला. मी घोट घोट घेत होते आणि ती खाली मान घालून बोलत होती.

“मला शांततेत झोप येत नाही, आत्या. लहानपणापासून. तुम्हाला आमचं घर माहितीय.”

माहीत नसायला काय झालं! तिच्या बापाची पिठाची गिरणी, मागच्या अंगाला मिरची कांडायचं यंत्र आणि वर राहती जागा. मुलगी बघायला गेलो तेव्हा कांडप चालू होतं. धप्प, धप्प, धप्प. बशीतले पोहे उडत होते. दोन्हीकडची माणसं ओरडत होती. निम्मी बोलणी मला ऐकूच आली नाहीत, आणि त्या निम्म्यातच लग्न ठरलं. या गोष्टीवरून मी तिला जन्मभर चिडवत आले. गिरणीवाल्याची लेक, गिरणीवाल्याची लेक. पण ही लेक त्या घरात निजत कशी असेल, हा विचार काही माझ्या डोक्यात आला नव्हता.

“कांडपाच्या बरोबर वर माझा पाळणा होता,” ती म्हणाली. “लाइट गेली, कांडप थांबलं की मी जागी होऊन रडायची. आई सांगते, अख्खी गल्ली गिरणी थांबली की सुटकेचा श्वास टाकायची, आणि आमच्या घरात मी बोंब ठोकायची. इथं आल्यापासून रोज लाइट गेल्यासारखं वाटतं.”

“मग हे त्या डॉक्टरणीला सांगायला काय झालं होतं?”

“काय सांगू? घर फार शांत आहे म्हणून झोप येत नाही? त्यांनीच तर शांतता सांगितली. ह्यांना सांगितलं तर ते बिचारे मालकाला घाबरतात. मला वाटलं होतं, आत्या आल्या की होईल आवाज. वाट बघत होते तुमची. आणि तुम्ही आलात, आठ दिवस झाले नाहीत तर मांजरासारख्या चालायला लागलात.”

मी तांब्या संपवला. उठले, न्हाणीघरात गेले आणि काम झाल्यावर ते बटण दाबलं. धरण फुटलं. जरा थांबले आणि नुसतंच, काही कारण नसताना, परत एकदा दाबलं.

बाहेर येऊन म्हणाले, “जा, पड खोलीत. दार उघडं टाक.”

“आणि मालक?”

“मालकाचं मी बघते.”

खल फरशीवर मांडला. शेंगदाणे घातले, लसूण घातला, तिखट, मीठ, जिरं. बांगड्यांवरचं फडकं सोडून टाकलं. दोन पायांत खल धरला आणि बत्ता उचलला.

ठाक. पहिला घाव घालताना माझाच हात बिचकला. इतक्या दिवसांची सवय. मग दुसरा घातला, तिसरा घातला. हाताला लय सापडली, बांगड्या वाजायला लागल्या, आणि लसणाचा वास त्या मुक्या घरात पसरला. मी मान वळवून बघितलं. कांचन कुशीवर पडली होती, डोळे उघडे, माझ्याकडंच बघत होती. मी कुटत राहिले. पुढच्या वेळी बघितलं तेव्हा एक डोळा मिटला होता. त्याच्या पुढच्या वेळी तोंड जरासं उघडलं होतं.

घोरायला लागली ती! गिरणीवाल्याची लेक, बापासारखीच घोरायला लागली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारावर थाप पडली. मी बत्ता हातात घेऊनच दार उघडलं. बाहेर मालक. उंचापुरा म्हातारा, पायात सपाता, धुरासारख्या विस्कटलेल्या पांढऱ्या भिवया. माझ्या हातातलं लोखंड बघून तो एक पायरी मागं सरला आणि मोठ्यानं काहीतरी विचारायला लागला.

मी ओठावर बोट ठेवलं. “हळू!”

बोलायचा थांबला बिचारा. मी खोलीकडं बोट दाखवलं. गालाखाली हात ठेवून झोप दाखवली. दोन्ही हातांनी एवढं मोठं पोट दाखवलं. मग बत्ता दाखवून कुटल्यासारखं केलं आणि परत झोप दाखवली. त्याला त्यातलं काय कळलं देव जाणे. आत नजर टाकून त्यानं कान दिला. पण कुटणं थांबल्याबरोबर आत घोरणंही थांबलं होतं की हो! कांचन चुळबुळ करायला लागली. मी घाईघाईनं पावाच्या तुकड्यावर चटणी घालून त्याच्या हातात दिली, दार त्याच्या तोंडावर लावलं आणि परत खलाशी येऊन बसले. वर जाताना तो खोकल्याचा आवाज आला. ठसका लागला असणार. खोकू दे म्हटलं, घर त्याचंच आहे.

पुढचं इथंच सांगून टाकते, उगीच तुमच्या जिवाला घोर नको. दुसऱ्या दिवशी बीपी खाली आलेलं होतं, फार नाही, पण डॉक्टरीण म्हणाली, घरी जा, परत बघू. गोळीला मी नावं ठेवणार नाही. गोळीनं आणि झोपेनं मिळून केलं ते काम. बाळ भरल्या दिवसांनी झालं. ती माझी नात आता शाळेत जाते, आणि घरात मिक्सर चालू असल्याशिवाय तिचा अभ्यास होत नाही. मी बार्शीला परत आले तेव्हा खलबत्ता तिथंच ठेवून आले.

पण मला आठवते ती तीच दुपार. शेंगदाणे कधीच कुटून झाले होते. चटणीला तेल सुटलं, मग ती सगळी काढून डब्यात भरली, आणि थांबायची सोय नाही म्हणून मी रिकामा खल कुटत बसले होते. दंड भरून आले. बाहेर बूट जा-ये करत होते, त्यांना आम्ही ऐकू येत होतो. येऊ देत.

संध्याकाळी धनंजय आला. जिन्यातच मालकानं गाठला असावा, कारण वर दोघांचं बराच वेळ काही चाललं होतं. मग तो खाली आला. चेहरा असा, की हसावं का रडावं कळत नसल्यासारखा.

“आई, मालक म्हणतो, खाली काही मोडलं-बिडलं का बघायला आला होता. आवाजाचं विचारलं तर म्हणाला, रात्री दहानंतर शांत राहा एवढंच तर मी म्हणालो होतो. दिवसाचं कोण म्हणालं?”

“मग दिवसाचं कोण म्हणालं?” मी कुटता कुटता विचारलं.

तो खाली बघून बूट काढायला लागला. दोन वर्षं नळाखाली हात धरून पाणी घेणारा माझा पोरगा. त्याला तरी काय दोष द्यायचा? नवीन गाव, नवीन माणसं. घालवून देतील या भीतीनं त्यानं दहाच्या आधीचे सगळे तासही शांततेनं भरून टाकले होते.

मग त्याची नजर उघड्या दाराकडं गेली. कांचन हात-पाय पसरून झोपली होती, एवढी गाढ, की कामाला जायची वेळ झाली तरी तिला पत्ता नव्हता. तो बघतच राहिला. मग एकदम भानावर आला, मोज्यांवरच घसरत माझ्याकडं धावला आणि माझा हात धरायला लागला.

“आई, हळू! झोपलीय ती!”

मी त्याचा हात झटकला आणि बत्ता उचलला.

“म्हणूनच. हळू केलं तर उठेल.”